डोळे मिटल्यावरचा उजेड

टिटवी हा पक्षी फार कांगावखोर. माणूस दिसला, कुत्रं दिसलं, नुसती ढगाची सावली सरकली तरी ओरडून रान डोक्यावर घेतो. तीन उपग्रहांच्या त्या ताफ्याला ‘टिटवी’ हे नाव कोणी सुचवलं याबद्दल केंद्रात दोन-तीन दावेदार होते, पण नाव चपखल बसलं याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. जमिनीपासून पाचशे किलोमीटर उंचीवर, एकमेकांपासून बेताचं अंतर राखून फिरणाऱ्या या तिन्ही टिटव्या गॅमा किरणांची जराशी चमक दिसली की कालवा करत. तो सगळा कालवा वाईजवळच्या टेकडीवरच्या केंद्रात, डॉ. उज्ज्वला नाईकवाडीच्या टेबलावर येऊन पडे.

गॅमा किरण म्हणजे प्रकाशच, फक्त भलताच तेजाळ. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही आणि अंतराळातून येणारा हा मारा हवेचा जाड थर वरच्या वर गिळून टाकतो, हे आपलं नशीब. त्यामुळे तो पाहायचा तर वर जाऊनच पाहावा लागतो. आकाशाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात दिवसाआड असा एखादा स्फोट होतो. तो दोन सेकंदांपेक्षा जास्त टिकला तर बहुधा एखादा अवाढव्य तारा स्वतःतच कोसळून संपलेला असतो. त्याहून कमी टिकला तर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती घिरट्या घालत शेवटी आदळलेले असतात. जगातलं बरंचसं सोनं अशाच टकरींतून तयार झालं, हे उज्ज्वला प्रत्येक पाहुण्याला सांगे, आणि पाहुणे हमखास आपल्या अंगठीकडे बघत.

पण टिटवीला आकाश आणि पृथ्वी यांत फरक करायची अक्कल नव्हती. वादळी ढगाच्या पोटात विजेचा ताण फार वाढला की इलेक्ट्रॉन सुसाट सुटतात, हवेवर आपटतात आणि तिथूनही गॅमा किरणांचा झोत वर उसळतो. टिटवी त्यालाही ओरडे. सूर्य जरा खवळला की त्यालाही ओरडे. मग ही चमक कुठली, हे ठरवायचं कसं? तळ्यात जवळच दगड पडला तर आपल्यापर्यंत येणारी लाट वाकडी, गोलाकार असते. तोच दगड लांबच्या काठाला पडला तर लाट जवळजवळ सरळ रेषेत येते. तिन्ही टिटव्यांवर चमक किती वेळाच्या फरकाने पोहोचली, हे सेकंदाच्या लाखाव्या भागापर्यंत मोजलं की लाट वाकडी की सरळ ते कळे. सरळ असेल तर लांबून आलेली, वाकडी असेल तर खालच्या ढगातली.

उज्ज्वलाच्या पडद्यावर त्यासाठी चार बटणं होती. आकाश, सूर्य, पृथ्वी आणि राहू दे. पहिली काही वर्षं तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी हजारो चमका डोळ्यांनी तपासल्या आणि एकेक बटण दाबलं. त्या निकालांवर पुण्याच्या इम्तियाज शेखने एक यंत्र शिकवून तयार केलं. दूध आणि पाणी वेगळं करणारं म्हणून त्याचं नाव ‘नीरक्षीर’. तेव्हापासून गेली सहा वर्षं निवाडा नीरक्षीर करी आणि उज्ज्वला सही करी.

त्या उन्हाळ्यात इम्तियाज यंत्राची नवी आवृत्ती घेऊन केंद्रात आला. मूळचा सांगलीचा, गोड बोलणारा, पण एखादी गोष्ट खटकली की ती सोडवेपर्यंत जेवण न जाणारा माणूस. आल्या आल्या तो उज्ज्वलासमोर बसला.

‘मॅडम, तुमच्या यंत्राचं काहीतरी बिनसलंय.’

‘माझं कसलं? यंत्र तुझं. मी फक्त शिकवणी घेतली.’

‘मग शिकवणीतच गडबड आहे. मी त्याला शंका घ्यायची सोय ठेवली होती. कळलं नाही तर ‘कळलं नाही’ म्हण, असं शिकवलं होतं. सहा वर्षांत ते एकदाही म्हणालेलं नाही. प्रत्येक वेळी छातीठोक. एवढी खात्री मला माझ्या नावाचीसुद्धा नसते.’

उज्ज्वला हसली. मग दोघांनी जुने निकाल उघडून बसायचं ठरवलं. दुपारभर बसल्यावर इम्तियाजने चौथ्या बटणावर बोट ठेवलं.

‘हे दाबताना तुमच्या मनात काय असायचं?’

‘काय असणार? राहू दे. असू दे, ठेव बाजूला, नंतर सवडीने नीट बघू.’

इम्तियाजने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

‘मॅडम, आमच्या घरी अम्मी विचारते, चहा टाकू का? मी म्हणतो, राहू दे. म्हणजे नको.’

‘चहाचं वेगळं रे! पाहुण्याची पिशवी उचलायला गेलास आणि तो म्हणाला, राहू दे इथेच, तर काय उकिरड्यावर नेऊन टाकशील?’

‘मी टाकली,’ इम्तियाज म्हणाला. ‘सगळ्या पिशव्या टाकल्या. राहू दे म्हणजे कचरा, असंच मी यंत्राला सांगितलं.’

उज्ज्वलाला हसू आवरेना. दोघंही मराठीच बोलत होती, दोघांनाही आपण बरोबर आहोत याची खात्री होती, म्हणून सहा वर्षांत कोणी कोणाला विचारलंच नव्हतं. इंग्रजी शब्द असता तर निदान दहा बैठका झाल्या असत्या. पण हसू ओसरल्यावर खरी गोष्ट ध्यानात आली. ज्या चमकेबद्दल शंका वाटली ती फेकायची, एवढंच नीरक्षीर शिकलं होतं. म्हणून त्याला शंका कधी आलीच नाही. ती येण्याआधीच ते बिचारं केर काढून मोकळं होत होतं.

टाकलेल्या चमका नशिबाने पुसल्या गेल्या नव्हत्या. त्या एका कोपऱ्यात साठून होत्या. इम्तियाजने त्या बाहेर काढल्या आणि महिनाभर दोघांनी त्या नव्याने चाळल्या.

बहुतेक चमका एकाच जातीच्या निघाल्या. ढगातून उठणारा नेहमीचा झोत डोळ्याचं पातं लवायच्या शंभराव्या भागात विझतो. हे झोत मात्र लुकलुकत, थांबत, परत पेटत सेकंदभर टिकत होते, अगदी न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीसारखे. वीज कडाडली की रेडिओत खरखर होते आणि ढगाची चोरी पकडली जाते. या झोतांच्या वेळी वीज पडतच नव्हती, त्यामुळे खरखरही नव्हती. ढग चोरपावलांनी किरण फेकत होते. समुद्राकाठी, घाटमाथ्यावर, वळवाच्या दिवसांत उंचच उंच चढलेले ढग.

आणि अशा ढगांच्या आसपासच्या हवेतून रोज विमानं जात होती.

याचा विचार परदेशात आधी झाला होता आणि आपल्याकडे नियमही येऊन पडला होता. एखाद्या विमानावर असा झोत पडला आणि मात्रा ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, तर सगळ्या प्रवाशांना कळवायचं, त्यांची रक्ततपासणी करायची, आणि वैमानिकांना पाच वर्षं जमिनीवर ठेवायचं. कारण वैमानिकांच्या अंगावर उंचावरच्या किरणांची मात्रा आधीच साठत असते, त्यात ही भर नको. नियम कागदावर सुखाने झोपला होता. झोत सापडतच नव्हते, तर लागू कोणाला करणार?

आता ते सापडू लागले. जुने झोत विमानांच्या मार्गांवर ताडून पाहिले, आणि दोन विमानं अगदी तावडीत आलेली निघाली. त्यांतल्या वैमानिकांनी चौकशीत एक चमत्कारिक गोष्ट सांगितली. निळसर उजेड चमकला म्हणून त्यांनी डोळे मिटले, तर मिटलेल्या डोळ्यांतही तो लखलखत राहिला. अंतराळवीरांना हा अनुभव जुना आहे. किरण पापणीला जुमानत नाहीत, थेट डोळ्याच्या आतल्या पडद्यावर ठिणग्या उडवतात. बाहेरची वीज डोळे मिटल्यावर दिसत नाही. म्हणून चौकशीत एक ठरलेला प्रश्न आला. डोळे मिटलेले असताना उजेड दिसला का?

हे सगळं उज्ज्वलाने घरी सांगितलं तेव्हा तिचा नवरा विलास भाजी निवडत होता. विलासचा वाईत दातांचा दवाखाना. लोकांचं तोंड उघडून ठेवण्याचा धंदा असल्यामुळे घरी तो फारसं बोलत नसे.

‘मर्यादा म्हणजे किती?’ त्याने विचारलं.

‘तू दाताचा एक फोटो काढतोस ना, तसे दहा हजार. एका क्षणात.’

‘मरणार नाही कोणी त्याने,’ विलास म्हणाला. ‘पण मी एका फोटोला पेशंटच्या अंगावर शिशाचा पट्टा घालतो.’

त्यांची मुलगी ऋता विमान चालवत होती, त्यामुळे हा विषय त्या घरात नुसत्या विज्ञानाचा नव्हता. ऋता अठ्ठावीस वर्षांची, सहवैमानिक, आणखी वर्षभरात कॅप्टन होणार होती. तिच्या विमानांचे जुने मार्ग उज्ज्वलाने सगळ्यांत आधी तपासले होते. त्यात काही निघालं नाही तेव्हा तिने देवापुढे साखर ठेवली. एरवी ती देवाधर्माच्या वाटेला जाणारी नव्हती.

मग ती एक चमक पुढे आली. जुन्या साठ्यातली नव्हती, याच मोसमातली होती. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी टिटवी कारवारच्या किनाऱ्यावरून जाताना ओरडली. सेकंदभराची, लुकलुकणारी चमक. आणि नेमकी त्या वेळी तिसरी टिटवी दुरुस्तीसाठी झोपवून ठेवलेली होती. दोनच उपग्रहांचे आकडे हाती. दोन बिंदूंतून रेघ सरळही जाते आणि वाकडीही. सुधारलेल्या नीरक्षीरने आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं, ‘कळत नाही’. इम्तियाजला इतका आनंद झाला की त्याने सगळ्यांना कंदी पेढे वाटले.

केंद्राचे संचालक डॉ. प्रभुदेसाई यांना आनंद वेगळ्या कारणाने झाला. ताऱ्यांच्या टकरीने अवकाशात उठणाऱ्या गुरुत्वलहरी टिपणाऱ्या दूरच्या एका यंत्रात त्याच सुमारास बारीकशी थरथर नोंदली गेली होती. इतकी बारीक, की एरवी कोणी तिच्याकडे पाहिलंही नसतं. पण तिच्या जोडीला ही चमक खरोखरच आकाशातली असेल, तर दोन तारे आदळताना एकाच वेळी दिसले आणि ऐकू आले, असं म्हणता येणार होतं. असे योग जगात फार थोडे. प्रभुदेसाई दीड वर्षात निवृत्त होणार होते. माणूस सरळ, पण पंचवीस वर्षं आकाशाकडे डोळे लावून बसलेला.

‘खाली कोणतं विमान होतं का, तेवढं बघून घ्या,’ ते उज्ज्वलाला म्हणाले. ‘नसेल तर प्रश्नच मिटला.’

विमान होतं. कोचीहून मुंबईला येणारं, एकशे सत्तर प्रवाशांचं. ढगाला वळसा घालून, पण बराच जवळून गेलेलं. वैमानिकांची नावं आली तेव्हा उज्ज्वलाने ती दोनदा वाचली, मग उठून पाणी प्यायली. सहवैमानिक, ऋता विलास नाईकवाडी.

तिने लपवाछपवी केली नाही. सरळ प्रभुदेसाईंच्या खोलीत गेली.

‘सर, या चमकेचा निवाडा माझ्याकडे नको. त्या विमानात माझी मुलगी होती.’

प्रभुदेसाईंनी तिला बसायची खूण केली. ‘निवाडा इम्तियाज आणि मी करू. पण विचारायचं काम तुम्हीच करा. कॅप्टनने वकिलामार्फत ‘आठवत नाही’ कळवलंय. मुलीलाही खात्यातर्फे पत्र गेलं की तिचाही वकील येईल, महिने जातील. तुम्हाला ती खरं सांगेल.’

‘आणि ती हो म्हणाली तर?’

‘तर पृथ्वी. माझी हरकत नाही.’ मग म्हणाले, ‘वाईट वाटेल, पण हरकत नाही.’

उज्ज्वलाने फोन केला तेव्हा ऋता विमानतळावरून नुकतीच घरी पोहोचली होती. नवी मुंबईत, उलव्याला, विमानतळाच्या कुंपणापासून जवळच तिचं भाड्याचं घर. आधी इकडचं तिकडचं झालं. मग उज्ज्वलाने घसा साफ केला.

‘ऋतू, ऐक. हे मी केंद्राच्या वतीने विचारतेय हं. मेमधलं ते कोचीचं विमान. कारवारजवळ मोठा ढग होता बघ. त्या वेळी तुला डोळे मिटल्यावर उजेडबिजेड दिसला नाही ना गं काही?’

‘नाही,’ ऋता म्हणाली. ‘ढग होता मोठा. आम्ही वळसा घातला. बाकी काही नाही.’

‘नक्की?’

‘नाही म्हटलं ना, आई. तू जेवलीस का?’

‘जेवले,’ उज्ज्वला म्हणाली आणि फोन ठेवला.

जेवले म्हणाली खरी, पण वाढून घेतलेलं ताट तिने तसंच झाकून ठेवलं. ऋताला जन्मात कधी कोणाच्या जेवणाची चौकशी सुचली नव्हती. शाळेत असताना वर्गाची काच फोडून आली, त्या दिवशी घरात पाऊल टाकताच तिने विचारलं होतं, आई, जेवलीस का? बारावीत क्लास बुडवून मैत्रिणींबरोबर पाचगणीला गेली, तेव्हाही तेच. पोर खोटं बोलताना फार मायाळू होते, हे घरात दोघांनाच माहीत होतं. आज एका उपग्रहाला न उलगडलेलं कोडं त्या दोन शब्दांत तिला लख्ख उलगडलं होतं, आणि ते न उलगडतं तर बरं झालं असतं, असं तिला मनापासून वाटलं.

रात्री तिने विलासला सांगितलं.

‘माझ्या मुलीचं आहे म्हणून मी काही बोलणार नाही,’ विलास म्हणाला. आणि मग बोलू लागला. ‘झोत पडला असेल तर रक्तात खुणा सापडतात. पेशींतल्या गुणसूत्रांचे तुकडे पडून वेडेवाकडे जुळतात, ते मोजता येतं. पण त्या खुणा हळूहळू पुसट होतात. लवकर तपासलं तर कोणाला किती लागलं ते कळतं. वर्षादोनवर्षांनी तपासलं तर अंदाजच.’ त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. ‘एकशे सत्तर माणसं. एखादी गरोदर असेल.’

‘म्हणजे तू म्हणतोस...’

‘मी काही म्हणत नाही. मी दातांचा डॉक्टर.’

शुक्रवारी प्रभुदेसाईंच्या खोलीत तिघं बसली. घोषणेचा मसुदा तयार होता. उज्ज्वलाने सांगितलं, ‘ऋता नाही म्हणाली.’

‘मग झालं,’ इम्तियाज म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरून ओझं उतरलेलं स्पष्ट दिसत होतं. ‘मॅडम, मी खरंच घाबरलो होतो. दोन बाजू तुल्यबळ आहेत, त्यात माणसाची साक्ष ‘नाही’ अशी आली. आकाश लिहून टाकू.’

‘ती खोटं बोलली, इम्तियाज.’

प्रभुदेसाईंनी हातातला मसुदा खाली ठेवला.

‘कशावरून?’ त्यांनी विचारलं.

‘मी जेवले का, असं विचारलं तिने.’

प्रभुदेसाई हसले नाहीत, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच झालं. ते म्हणाले, ‘उज्ज्वलाताई, तुमचं खरं असेलही. पण हे मी कुठे लिहू? यंत्र म्हणतं कळत नाही, मुलगी म्हणते नाही, आणि आई म्हणते मुलगी खोटं बोलते, कारण तिने जेवणाची चौकशी केली. उद्या कोणी हसलं तर?’

‘मॅडम,’ इम्तियाज हळूच म्हणाला, ‘कोणी तुम्हाला बोल लावणार नाही. तुम्ही विचारलंत, तिने सांगितलं. इथेच सोडा ना आता.’

त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती, ही खरी अडचण होती. एकाला तारे हवे होते, दुसऱ्याला तिची काळजी होती, आणि तिला स्वतःला मुलीचे पंख शाबूत हवे होते. सगळ्यांचं भलं एकाच बटणात होतं. भलं होणार नव्हतं ते ज्यांची नावंही इथे कोणाला ठाऊक नव्हती अशा लोकांचं. उज्ज्वलाने सोमवारपर्यंतची मुदत मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी गाडी काढली.

ऋताने दार उघडलं तेव्हा तिचा गणवेश इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टांगलेला होता. संध्याकाळी उड्डाण होतं. आईला बघून ती चपापली, आणि मग कारण कळल्यासारखी बाजूला झाली.

उज्ज्वला टेकली नाही. ‘तू खोटं बोललीस माझ्याशी.’

‘हो,’ ऋता म्हणाली.

इतक्या सहज कबुली मिळेल असं उज्ज्वलाला वाटलं नव्हतं. रस्ताभर तिने रचलेली वाक्यं एकदम निरुपयोगी झाली.

‘लायसनसाठी?’

‘नाही!’ ऋताचा चेहरा लालबुंद झाला. ‘म्हणजे, लायसन तर आहेच. रोज तेच डोक्यात आहे. पण तुझा फोन आला तेव्हा मी सांगणार होते. खरं सांगते, ओठावर आलं होतं. तू कसं विचारलंस ते आठवतंय तुला?’

‘कसं म्हणजे? प्रश्न ठरलेला आहे.’

‘ठरलेला प्रश्न काय आहे?’

‘डोळे मिटलेले असताना उजेड दिसला का?’

‘आणि तू काय विचारलंस? दिसला नाही ना गं काही? ‘नाही ना’ म्हणालीस, आई. वर ‘गं’.’ ऋताचा आवाज कापला. ‘मला वाटलं, हिला नाहीच हवंय. ही मला सुचवतेय. आई एवढं करतेय माझ्यासाठी, तर मी कशाला तिला तोंडघशी पाडू? म्हणून नाही म्हटलं. मग चार दिवस तुझाच राग आला. तू असं करशील असं मला कधी वाटलं नव्हतं.’

उज्ज्वला खाली बसली. आपण काय विचारलं ते तिला शब्दन् शब्द आठवलं, आणि लाज वाटली. प्रश्नातच तिने उत्तर भरलं होतं. तिला ते कळलं नव्हतं, हे खरं; पण कळलं नव्हतं म्हणजे मनात नव्हतं, असं तिला स्वतःला पटवता येईना. आयुष्यभर ती शिकाऊ मुलांना सांगत आली होती की मोजणाऱ्याची इच्छा मोजमापात उतरता कामा नये. आणि आपण मुलीला चोर ठरवायला सव्वाशे मैल गाडी हाकत आलो.

‘चुकलं माझं,’ ती म्हणाली.

‘माझंही.’

‘परत विचारू?’

ऋताने मान हलवली. ती समोर येऊन बसली. उज्ज्वलाने हात मांडीवर ठेवले आणि आवाज शक्य तितका कोरडा केला.

‘डोळे मिटलेले असताना उजेड दिसला का?’

‘दिसला,’ ऋता म्हणाली. ‘आधी काचेवर निळं निळं सरपटलं, ते तसं नेहमीचंच. मग एकदम लख्ख झालं. मी डोळे मिटले, तर आत ठिणग्या. तीन-चारदा, थांबून थांबून. समोरचे पडदे कोरे झाले आणि परत आले. कॅप्टन म्हणाले, काय होतं गं ते? मी म्हटलं, वीज असेल. पण आवाज आलाच नव्हता.’

‘लिहून देशील?’

‘देते.’ तिने कागद-पेन शोधून जवळ ठेवलं. ‘माझ्या पॅसेंजरांना कधी कळवाल?’

‘याच आठवड्यात.’

‘दुसऱ्या रांगेत एक बाई होती, तिच्या मांडीवर बाळ होतं. तिला आधी कळवा. आणि पत्र पाठवू नका नुसतं. कोणीतरी फोन करा. पत्र वाचून माणूस घाबरून जाईल.’

‘मी करीन.’

ऋताने उड्डाण खात्याला फोन लावला आणि संध्याकाळच्या विमानासाठी दुसरा माणूस बघा, म्हणून सांगितलं. कारण विचारलं तेव्हा ‘तब्येत’ म्हणाली. मग तिने गणवेश खुर्चीवरून उचलून कपाटात लावला, आणि आपल्या सांगण्याचा कागद स्वच्छ अक्षरात लिहून सही करून आईपुढे ठेवला. उज्ज्वलाने त्याचा फोटो काढून प्रभुदेसाईंना आणि इम्तियाजला पाठवला. निवाडा तिच्या हातात नव्हता, पण आता करण्यासारखा निवाडाही उरला नव्हता. थोड्याच वेळात प्रभुदेसाईंचं एका ओळीचं उत्तर आलं. ‘पृथ्वी नोंदवली. मसुदा रद्द. मुलीला माझा नमस्कार सांगा.’

उज्ज्वलाने फोन ऋतापुढे धरला. तिने वाचलं. बाहेर कुंपणापलीकडून एक विमान उठलं, घराच्या काचा थरथरल्या, आणि ऋताने सवयीने त्याचा आवाज कान देऊन ऐकला.

‘आई, खरं सांग,’ ती म्हणाली. ‘तुला कोणतं उत्तर हवं होतं?’

‘आकाश,’ उज्ज्वला म्हणाली.

‘मलाही,’ ऋता म्हणाली, आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू लागली.